न झालेलं दुखणं

पॅकिंगच्या टेबलावर हात चालू असले की मान वर करावी लागत नाही, हे त्या दिवशी सुलक्षणाच्या पथ्यावर पडलं. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरता भरता ती शेजारच्या शकुला म्हणाली, "आमचं काही जमत नाही गं सहलीचं. सासूबाईंच्या छातीत दुखतंय. डॉक्टर म्हणाले, त्यांना सोडून कुठे जाऊ नका."

शकुचे हात तिथेच थांबले. "अगं बाई! कधीपासून?"

"झाले तीन-चार दिवस."

"आणि मला आज सांगतेस? मी रोज तुझ्याशी स्वेटर कुणाकुणाचे उसने आणायचे ते बोलतेय, आणि तू नुसती हूं हूं करतेस!" शकुने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. उटी काय पळून जाते? म्हातारं माणूस आधी."

सुलक्षणाने पुढचं खोकं ओढलं. पाठीवरचा हात कधी निघतोय असं तिला झालं होतं.

मरोळच्या त्या औषधाच्या कारखान्यात दोघी एकाच वेळी लागलेल्या. सुलक्षणा अंधेरीला गुंदवलीच्या चाळीत राहायची, शकु घाटकोपरच्या पंतनगरातून बसने यायची. सुलक्षणाचा नवरा लवू गिरणीत होता. संप झाला, लांबला, आणि लवू घरी बसला, तेव्हा शकुच्या डब्यात रोज दोन पोळ्या जास्त यायला लागल्या. "शिवदासला मोजून पोळ्या करायला सांगितल्या की असंच होतं, मास्तर असून गणित कच्चं," असं म्हणून ती त्या सुलक्षणाच्या डब्यात टाकायची. शिवदास, म्हणजे शकुचा नवरा, शाळेत मास्तर. तो पोळ्या लाटत नाही हे सुलक्षणाला ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे शकुलाही माहीत होतं. पुढे लवू एका छापखान्यात चिकटला आणि घर सावरलं, पण त्या पोळ्यांबद्दल दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

सहलीची टूम शकुचीच. बोरिवलीचा श्यामकांत नावाचा माणूस मे महिन्यात बस करून माणसं म्हैसूर-उटीला नेतो, सोबत आचारी असतो, राहायची सोय असते, असं तिने कुठूनसं ऐकलं आणि सुलक्षणाच्या मागे लागली. दोघींनी बोनसमधून आगाऊ पैसे भरले. सुलक्षणाच्या घरची पाच माणसं होती, तिचे पंधराशे रुपये गेले. श्यामकांत म्हणाला, एका मोठ्या खोलीत दोन कुटुंबं. तेव्हा सुलक्षणाच पुढे होऊन म्हणाली होती, "मग आम्हा दोघींना एकच खोली द्या हां भाऊ. रात्रभर गप्पा मारणार आम्ही." हे तिने स्वतः, आपल्या तोंडाने सांगितलं होतं.

मग मुलुंडहून जानकी आली. जानकी म्हणजे लवूच्या चुलतभावाची, काशीरामची बायको. काशीराम गावच्या देवळाच्या कामात पुढे असायचा. घराण्यात लग्न ठरो की भांडण होवो, त्याला विचारल्याशिवाय पान हलत नसे. सुलक्षणाने उटीचं इतकं कौतुक केलं की त्या दोघांनीही त्याच बसमध्ये जागा धरल्या. त्या दिवशी चहा पिता पिता जानकीने विचारलं, "तुमच्या खोलीत दुसरं कोण गं?"

"माझी मैत्रीण. शकु. कारखान्यातली."

"म्हणजे ती... बौद्ध ना गं ती? एकाच खोलीत? इतके दिवस?"

जानकी एवढंच म्हणाली आणि लगेच स्वेटर कुठे स्वस्त मिळतात त्यावर गेली. सुलक्षणा हसली. पण ते वाक्य तिच्या अंगात काट्यासारखं राहिलं. गणपतीला गावी गेल्यावर काशीराम चारचौघांत काय बोलेल, नणंदा कशा एकमेकींकडे बघतील, हे तिला भांडी घासताना दिसायला लागलं. असं दिसतंय याचीच तिला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही ते दिसायचं थांबत नव्हतं.

त्यातच सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, एका संध्याकाळी सांगून टाकलं की त्यांना काही यायचं नाही. हे ऐकून सुलक्षणाला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. लवूला म्हणाली, "आई येत नाहीत, त्यांना एकटं टाकून कसं जायचं? रद्द करूया." लवू म्हणाला, "आई काय लहान आहे? शेजारी आहेत की." मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तू ठरव बाबा." लवूचं नेहमीच असं.

आणि तिने ठरवलं. छातीचं दुखणं मात्र आयत्या वेळी, टेबलावर बसल्या बसल्या सुचलं.

त्या रविवारी शकु तिच्याबरोबर बोरिवलीला आली. सुलक्षणाने नको नको म्हटलं, तरी आली. "तू एकटी गेलीस तर तो तुला गुंडाळेल. तुला भांडता येतं का कुठे?"

श्यामकांतचं ऑफिस म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. भिंतीवर म्हैसूरच्या राजवाड्याचं कॅलेंडर, टेबलावर फोन, आणि आतून फोडणीचा वास. माणूस सरळ होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"ताई, बस ठरलीय. हॉटेलवाल्यांना पैसे पोचलेत. आता रद्द केलं तर निम्मे कापले जातात, ते मी भरतानाच सांगितलं होतं. घरात खरंच आजारपण असेल तर मी पुरे देतो, नाही म्हणत नाही. पण डॉक्टरची चिठ्ठी लागेल."

सुलक्षणा पर्सशी चाळा करत म्हणाली, "चिठ्ठी... नाही आणली."

निम्म्यावर भागवून उठायचं, असं तिच्या मनात आलं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण शकु आधी बोलली.

"चिठ्ठी कसली मागताय भाऊ? मी काल जाऊन बघून आले ना म्हातारीला. उठून बसायची ताकद नाही तिच्यात. चमच्याने पाणी पाजलं मी."

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

"या डोळ्यांनी. अशा माणसाला सोडून ही काय उटीला जाईल? आणि डॉक्टरच्या मागे धावायचं सोडून चिठ्ठ्या गोळा करत बसेल?"

श्यामकांतने शकुकडे बघितलं, मग सुलक्षणाकडे. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कशाचं, हे त्याला कुठून कळणार? त्याने खण उघडला. "तुम्ही सांगता म्हणून देतो, शकुताई. तुमची-आमची तर आता सोबतच आहे." त्याने नोटा मोजून सुलक्षणाच्या हातात दिल्या आणि वर म्हणाला, "आईंना जपा. सहल काय, पुढच्या वर्षी नेईन मी त्यांना."

रस्त्यावर आल्यावर शकुला हसू आवरेना. "बघितलंस? चमच्याने पाणी पाजलं म्हणे मी! शिवदासला कळलं तर घरात घेणार नाही मला. तो पोरांनासुद्धा खोटं बोलू देत नाही." मग कोपऱ्यावरच्या गाडीवर तिने मोसंबी निवडायला सुरुवात केली. "चल, आता म्हातारीला खरंच भेटून येते. म्हणजे माझं खोटं बोलणं फिटलं."

"आज नको गं शकु. त्या झोपल्या असतील."

"मग झोपलेल्या बघीन. पाय चेपीन जरा."

हायवेवरून बस अंधेरीकडे निघाली. सुलक्षणा खिडकीशी, शकु तिच्याशेजारी, मोसंब्यांची पिशवी मांडीवर. गोरेगाव येईपर्यंत सांगून टाकू, असं सुलक्षणाने मनाशी म्हटलं. गोरेगावला शकुने स्वतःच्या आईची गोष्ट काढली. तिच्याही आईच्या छातीत असंच दुखायचं, जालन्याकडच्या गावात, आणि ती कुणाला सांगायची नाही. "मी इथे कामावर, तिकडे ती गेली. तू सांभाळतेयस ते बघून बरं वाटतं गं," शकु म्हणाली. गोरेगाव गेलं, जोगेश्वरी गेलं. सुलक्षणाच्या पर्समधले पैसे तिच्या मांडीला टोचत होते. तिने पर्स सरकवून पलीकडे ठेवली.

चाळीच्या पायऱ्यांवर कोळीण टोपली उतरवून बसली होती, आणि तिच्यासमोर उकिडव्या बसून, दोन्ही हात टोपलीत घालून, रुक्मिणीबाई बांगडे उलटेपालटे करत होत्या. आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात होता.

"ह्या बघ गो सुलक्षणा! हेका ताजो म्हणतत? डोळे बघ तेचे!"

शकु मोसंब्यांची पिशवी धरून उभी राहिली. तिला आधी आनंदच झाला. "आई, उठलात तुम्ही? छातीत दुखत होतं ना? असं बसू नका बाई खाली."

"माझ्या छातीत?" रुक्मिणीबाईंनी हात टोपलीतून काढले. "कोणी सांगल्यान तुका? माझी ढोपरां दुखतत, ती जन्माची. छातीक काय जाला?"

"आई, आत चला," सुलक्षणा म्हणाली. "चला ना आत."

रुक्मिणीबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, पिशवीतल्या मोसंब्यांकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या. नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि आत आल्या. शकुला त्यांनी खाटेवर बसवलं.

"बस गो बाय. सहलीचा कारण म्हणून हिणा माझा दुखणा सांगल्यान काय?"

शकुने पिशवी मांडीवर धरली. सुलक्षणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मुलं बाहेर खेळत होती आणि लवू मागच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता. त्याने रेडिओ बंद केला, पण तो बाहेर आला नाही.

"तुका खोटा सांगान माका काय मेळाचा नाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी येवचंय नाय म्हटलंय, ह्या खरा. दुसऱ्याच्या वांगडा एका खोलयेत निजाचा, त्यात तुमी वेगळ्या धर्माची माणसां. माका नाय जमाचा. माझा वळण जुना, ता आता बदलाचा नाय. तुका राग येयत तर येवंदे. पण ह्यांका मी अडवलंय नाय. तुमी जावा, पोरांक घेवन जावा, असाच मी सांगितलंय. इचार हिका."

शकुने सुलक्षणाकडे वळून बघितलं. सुलक्षणाने मान खाली घातली, आणि त्या मान खाली घालण्यात सगळं उत्तर होतं.

रुक्मिणीबाईंनी स्टोव्ह पेटवून चहा केला. शकु तो शेवटपर्यंत प्यायली, घाई न करता. कप खाली ठेवून म्हणाली, "आई, तुमचं म्हणणं मला पटलं नाही. कधी पटणारही नाही. पण तोंडावर सांगितलंत." मोसंबी तिने खाटेवरच ठेवली. "ही ठेवा. पोरं खातील."

सुलक्षणा तिच्यामागे पायऱ्यांपर्यंत धावली. "शकु, थांब ना. ऐक ना माझं."

"बोल."

जानकीचं वाक्य सांगावं, काशीरामचं नाव घ्यावं, गणपतीला गावात होणारी चर्चा सांगावी, असं सुलक्षणाला वाटलं. पण ते सगळं तोंडात घेतल्याबरोबर इतकं किरकोळ वाटायला लागलं की ते तिने गिळलं.

"बसमध्ये मी मनाशी म्हणत होते, हिची सासू आजारी आहे," शकु म्हणाली. "दारात आल्यावर वाटलं, चला, म्हणजे सासू आडवी आली असेल, सांगायला लाजली असेल. मी तेही समजून घेतलं असतं गं. पण तुला तर कुणीच आडवं आलं नव्हतं."

ती निघून गेली. सोमवारी तिने सुपरवायझरला सांगून दुसऱ्या टेबलावर जागा मागून घेतली. कारण कुणाला सांगितलं नाही. बायकांनी सुलक्षणालाच विचारलं, "काय गं, भांडलात?" तिने नाही म्हटलं. भांडण झालं असतं तर बरं होतं.

मे महिन्यात शकु सहलीला गेली. तिने का नाही जायचं? पैसे भरलेले होते, पोरांना सांगितलेलं होतं. इकडे सुलक्षणाची पोरं शाळेला सुट्टी लागल्यापासून रोज विचारायची, आपण का नाही गेलो. त्यांना ती आजीचं नाव सांगू शकत नव्हती, कारण आजी समोरच बसलेली असायची. ते पैसे तिने ट्रंकेत साड्यांखाली ठेवले होते. लवू एकदा म्हणाला, "टेबल फॅन तरी घेऊ त्यातनं, उकाड्याने जीव जातोय." ती त्याच्यावर एवढी ओरडली की पोरं गप्प झाली. रुक्मिणीबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सहलीहून आल्यावर जानकी मुद्दाम मुलुंडहून भेटायला आली. नाक सोललेलं, पण खुशीत. "तू हवी होतीस गं! आणि ऐक, तुमची जागा रिकामी झाली ना, तर त्या श्यामकांतने आम्हाला दोघांना शकुताईंच्याच खोलीत टाकलं. घाटात मला उलट्यांवर उलट्या. त्या बाईने रात्रभर माझं डोकं धरलं. आणि आमचे हे नि शिवदासभाऊ, दोघं पत्ते खेळत बसायचे. ह्यांनी तर गणपतीला गावी या म्हणून सांगितलंय त्यांना."

"पण तूच म्हणाली होतीस ना जानकी? एकाच खोलीत, इतके दिवस, असं?"

"मी?" जानकीने आठवून पाहिलं. "म्हणाले असेन बाई. सहज. तू ते धरून बसलीस की काय?"

कारखान्यात शकुने सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. टेबलामागून टेबल करत ती सुलक्षणापाशी आली आणि कागदावर एक तुकडा ठेवला, सगळ्यांना ठेवला होता तेवढाच. पूर्वी काही आणलं तर सुलक्षणाचा वाटा वेगळा बांधलेला असायचा. त्या एका तुकड्याने सुलक्षणाचा धीर सुटला. जेवणाच्या सुट्टीत तिने शकुला नळापाशी गाठलं.

"शकु, मी चुकले गं."

"हो. चुकलीस," शकु डबा विसळत म्हणाली. "ते जाऊ दे आता. पण सांगू तुला? तो श्यामकांत रोज सकाळी बसमध्ये चढला की पहिल्यांदा मला विचारायचा, म्हातारी कशी आहे, काही कळलं का. एकदा तर उटीच्या बाजारात म्हणाला, त्यांच्या चाळीत कुणाकडे फोन लावू का, विचारून घ्या. आणि मी रोज त्याला सांगायचे, बरी आहे, बरी आहे. शिवदास शेजारी बसून ऐकायचा. पोरं ऐकायची." तिने नळ बंद केला. "तू मला खोटं बोललीस, ते तुझं तुझ्यापाशी. पण तू माझ्याकडून खोटं बोलवून घेतलंस."

पुढच्या रविवारी सुलक्षणा ट्रंकेतले पैसे काढून एकटीच बोरिवलीला गेली. श्यामकांत उघड्या दाराशी पेपर वाचत बसला होता. तिला बघून लगबगीने उठला. "या ताई! आई कशा आहेत? शकुताई म्हणत होत्या, उतार पडलाय."

"त्यांना काही झालंच नव्हतं," सुलक्षणा उभ्या उभ्याच म्हणाली. "मी खोटं सांगितलं. शकुला ते खरं वाटलं म्हणून ती माझ्यासाठी बोलली. तिचा काही दोष नाही. हे तुमचे पैसे घ्या."

श्यामकांतने पेपरची घडी घातली. मग त्याने पैसे घेतले, टेबलावर दोन ढीग केले, एक खणात टाकला आणि दुसरा तिच्यापुढे सरकवला. "नियमाने निम्मे माझे. हॉटेलवाल्याने ते मला परत दिले नव्हते, मी तुम्हाला पदरचे दिले होते. हे उरलेले तुमचे."

"नको भाऊ. सगळेच घ्या."

"सगळे घेऊन मी काय करू, ताई? माझं नुकसान भरून आलं. त्यावर जे असेल ते माझ्या खणात टाकून मिटणार आहे का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. पण त्याने तिला बस म्हटलं नाही, आणि पुढच्या वर्षीच्या सहलीचं नावही काढलं नाही.

सोमवारी तिने शकुला हे सांगितलं. "बरं केलंस," शकु म्हणाली. "भेटला तर आता त्याच्याकडे बघता तरी येईल मला." आणि ती आपल्या टेबलाकडे गेली.

दुपारी सगळ्या बायका डबे उघडून एकत्र बसल्या. सुलक्षणा समोरच्या बाजूला, जरा कडेला बसली. कुणीतरी म्हणालं, शकु, ती होडीची गोष्ट सांग ना परत. शकु सांगायला लागली: तळ्यात होडी कशी गरागरा फिरली, शिवदास मास्तर कसा घाबरून पोरांनाच धरून बसला. बाकीच्यांनी ती आधी ऐकलेली होती, त्या हसायच्या जागा येण्याआधीच हसत होत्या. सुलक्षणा पहिल्यांदाच ऐकत होती. मध्येच न राहवून तिने विचारलं, "थंडी होती का गं फार?"

शकुने डब्यातल्या पोळीचा तुकडा मोडला.

"होती," ती म्हणाली, आणि सगळ्यांकडे बघत पुढे सांगू लागली.